मंगळवारचा पास्ता: उरलेल्या चिकनचा पांढरा सॉस दर वेळी का फुटतो?

रविवारी आमच्याकडे चिकन होतं. चौघांच्या अंदाजाने केलेलं असतं, पण एक जण हमखास बाहेरून खाऊन येतो, त्यामुळे पाव किलोभर तरी उरतंच. सोमवार महादेवाचा, त्या दिवशी घरात सामिष चालत नाही. म्हणजे तो डबा उघडायचा मंगळवारी संध्याकाळी. तोवर परत तोच रस्सा कोणाला नको असतो आणि लेकीला पास्ता हवा असतो. फ्रिजमध्ये अर्धं पाकीट पेने, अर्धी सिमला मिरची, दोन चीझ क्यूब आणि सायीचं भांडं असतं. एवढं सगळं घरात असताना बाहेरून मागवायचं कशाला, या अस्सल पुणेरी हिशेबाने मी कढई चढवायचो.

आणि दहाव्या मिनिटाला सॉस फुटायचा. पांढऱ्याशुभ्र सॉसमध्ये आधी बारीक रवा दिसायचा, मग कडेने पिवळट पाणी, वर तुपाचे डोळे. चवीला वाईट नसायचा, पण ताटात बघवत नसे. असं सलग चार मंगळवार झालं. दूध बदललं: गाईचं, म्हशीचं, पिशवीतलं, सुटं. मैदा बदलला. गॅसच्या शेगडीलाही नावं ठेवून झाली. पाचव्या वेळी आई स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तिने आयुष्यात पांढरा सॉस केलेला नाही. कढईत डोकावून म्हणाली, "अरे, दुधात आंबट घातलंस की. कढीला बेसन कशाला लावतात मग?"

तिथून पुढे शोध सोपा झाला. तुमचाही सॉस दर वेळी बिघडत असेल तर पुढचं वाचा. आधी एक काम करा: नेमकं काय बिघडलंय ते ओळखा, कारण चार वेगवेगळी दुखणी कढईत सारखीच दिसतात.

चिमटीत धरून बघा

सॉसमधला एक दाणा चमच्यावर घेऊन बोटांत चोळा. आत कोरडं पांढरं पीठ निघालं तर ती मैद्याची गुठळी. दाणा पनीरसारखा लवचिक असेल आणि भोवती पातळ पाणी असेल तर दूध फुटलंय. दाणे नाहीत, पण वर आणि कडेला तूप तरंगतंय, तर स्निग्धांश वेगळा झालाय. आणि सॉस कढईत छान होता, पण ताटात वाढेपर्यंत खळीसारखा झाला, तर ते फुटणं नव्हेच, ते पिठाचं आणि पास्त्याचं काम.

गुठळ्यांबद्दल फार लिहीत नाही. ज्याला पिठलं येतं त्याला गुठळ्या टाळता येतात. लोणी आणि मैदा मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत दीड-दोन मिनिटं परता, मग दूध एकदम न ओतता पहिल्यांदा अर्धी वाटीच घाला, घोटून पेस्ट करा आणि मग बाकीचं. तरी राहिल्याच तर गाळण. यात लाजण्यासारखं काही नाही.

दूध फुटतं ते कशाने

दुधातलं केसीन नावाचं प्रथिन बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. ताज्या दुधाचा सामू (म्हणजे pH; तो जितका कमी तितकं आंबट) साधारण ६.६ ते ६.७ असतो. तो ४.६ च्या आसपास उतरला की हे गोळे एकमेकांना चिकटतात. दही लागतं ते असंच. पण दूध गरम असेल तर इतकं आंबट व्हायचीही गरज नसते, थोड्याशा आंबटाने काम भागतं. म्हणून थंड दुधात जे चालून जातं ते उकळत्या सॉसमध्ये चालत नाही.

मग माझ्या कढईत आंबट आलं कुठून? लिंबू तर मी पिळलं नव्हतं. एका रविवारी दुपारी चार वाट्या मांडल्या. प्रत्येकीत अर्धी वाटी कडकडीत दूध. एकीत चमचाभर साय, दुसरीत चमचाभर कालचा रस्सा, तिसरीत कच्ची आलं-लसूण पेस्ट, चौथीत परतलेली सिमला मिरची. घरच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

सिमला मिरचीचं दूध तसंच राहिलं. रस्सा घातलेल्या दुधात तीन-चार मिनिटांनी बारीक कण दिसले. सायीचं दूध मिनिटभरात फाटलं. आणि आल्याची वाटी तर जवळजवळ दह्यासारखी बसली.

सायीचं कोडं आधी सुटलं. आमच्याकडे आठवडाभराची साय एका भांड्यात साठवतात, शनिवारी लोणी काढायचं म्हणून. त्या भांड्यात पहिल्याच दिवशी चमचाभर विरजण लावलेलं असतं. म्हणजे मी क्रीम म्हणून जे घालत होतो ते खरं तर घट्ट, मलईदार दही होतं. बोट लावून चाखलं असतं तरी कळलं असतं. चार मंगळवार मी ते न चाखता ओतलं. तुमच्या घरी साठवणीच्या भांड्याला विरजण लागत असेल तर पास्त्यासाठी त्याच दिवसाची ताजी साय वेगळ्या वाटीत काढून ठेवा, किंवा सरळ फ्रेश क्रीमचा छोटा खोका आणा. आपल्याकडे मिळणाऱ्या खोक्यातल्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, तो या कामाला पुरेसा आहे.

आल्याचं कारण निराळं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, ते गरम दुधाला आंबटाशिवायच बसवतं. चहा करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे: आलं पाण्यात चांगलं उकळलं की मगच दूध घालायचं, घाई केली की चहा फुटतो. उकळल्यावर ते विकर निकामी होतं. मी मात्र "थोडी झणझणीत चव येऊ दे" म्हणून शेवटी कच्ची पेस्ट सॉसमध्ये ढवळायचो. आता आलं-लसूण घालायचंच तर लोण्यात आधी पुरतं परततो. पाकिटातल्या तयार पेस्टमध्ये टिकावी म्हणून बहुधा आम्ल घातलेलं असतं, तिथे दुहेरी धोका. माझं मत विचाराल तर पांढऱ्या सॉसला लसूण पुरे, आलं नकोच.

राहिला रस्सा, आणि उरल्यासुरल्याच्या पास्त्यात हाच खरा गुन्हेगार. आपलं चिकन पास्त्यासाठी शिजवलेलं नसतं. ते आदल्या रात्री दही किंवा लिंबू लावून मुरवलेलं असतं, फोडणीत टोमॅटो पडलेला असतो, वाटणात भाजका कांदा-खोबरं असतं. दोन दिवस फ्रिजमध्ये मुरून हे सगळं फोडींच्या आतपर्यंत जातं. टोमॅटोचा सामू साडेचारच्या खालीवर असतो. तो रस्सा दुधाच्या सॉसमध्ये सरळ ओतला की जे व्हायचं तेच होतं. हॉटेलातून आणलेल्या तंदुरी चिकनचंही तसंच, त्याच्या अंगाला दह्याचा मसाला असतो. केचपच्या आणि शेजवान चटणीच्या उरलेल्या पुड्या तर विसराच, त्यात व्हिनेगर असतं. मेयोनेजचंही तेच, शिवाय तापलं की तेल सोडतं.

मग उरलेलं चिकन वापरायचं कसं

फोडी रस्स्यातून काढून निथळा. चिकटलेलं वाटण चमच्याने खरवडून परत रस्स्यात टाका. तो रस्सा उद्या भाकरीबरोबर संपतो, वाया जात नाही. हाडं काढून चिकनचे हाताने धागे करा. पाण्याखाली धुवू नका, चव जाते. तंदुरी असेल तर वरचा जाड मसाला पुसून घ्या, करपलेल्या कडा ठेवा, त्या छान लागतात.

रस्स्याची चव सॉसमध्ये हवीच असेल, आणि ती हवीशी वाटते हे मला मान्य आहे, तर गॅस बंद केल्यावर एखादा चमचा घाला. त्याआधी वाटीची परीक्षा घ्या: दोन चमचे गरम सॉस, त्यात पाव चमचा रस्सा, मिनिटभर थांबा. कण दिसले नाहीत तर पुढे जा. रस्सा फार आंबट असेल तर त्यात चिमटीच्या टोकावर मावेल इतका खाण्याचा सोडा घालून फेस बसू द्या. जास्त झाला तर साबणासारखी चव येते, म्हणून चिमूट म्हणजे खरोखर चिमूट.

आता कढीचं बेसन. पिठातला स्टार्च गरम होऊन फुगतो आणि दुधातल्या प्रथिनांच्या गोळ्यांमध्ये आडवा येतो, त्यामुळे ते एकमेकांना सहज चिकटू शकत नाहीत. कढीत हे काम बेसन करतं, पांढऱ्या सॉसमध्ये मैदा. "हलकं करूया" म्हणून मी मैदा निम्मा केला होता, आणि तेव्हाच सॉस सर्वांत जास्त फुटत होता. पीठ कमी केलंत की रक्षण गेलं. तसंच दुधाचं. डबल टोन्ड दुधात दीड टक्का स्निग्धांश, टोन्डमध्ये ३, फुल क्रीममध्ये ६. स्निग्धांश जितका कमी तितका सॉस नाजूक. आठवड्यातून एकदा होणाऱ्या पास्त्याला फुल क्रीम वापरायला हरकत नसावी.

वर तूप सुटलं असेल तर

हा आजार वेगळा आणि त्याला औषध आहे. चीझ उकळत्या सॉसमध्ये टाकलं की त्यातली प्रथिनं आकसतात आणि तूप बाहेर ढकलतात. मोझरेला, चेडर अशा नैसर्गिक चीझचं हे हमखास होतं. क्यूब किंवा स्लाइसच्या रूपात येणारं प्रोसेस्ड चीझ जरा सोशीक असतं, कारण त्यात सोडियम सायट्रेटसारखे क्षार असतात, ते स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवतात. त्याला नाकं मुरडणारे भेटतात, पण मंगळवारच्या पास्त्यासाठी मी तेच निवडतो. कोणतंही असो, किसून घ्या, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा आणि मग घाला.

साय जास्त ढवळली तरी हेच होतं. शेवटी ते लोणी काढण्याचंच काम आहे, फक्त कढईत. साय आधी दोन-तीन चमचे थंड दुधात बोटांनी मोडून घ्या, गाळणीतून दाबा आणि सॉसमध्ये हलक्या हाताने मिसळा. रवी नको.

तूप सुटलंच, तर आच बंद करून पास्त्याचं गरम पाणी दोन-दोन चमचे घालत घोटा. पास्ता शिजताना त्या पाण्यात स्टार्च उतरलेला असतो, तो तुटलेला संसार पुन्हा जोडतो. म्हणून पास्ता निथळण्याआधी कपभर पाणी बाजूला काढायचंच. मी तीनदा विसरलो. आता चाळणीतच रिकामा कप ठेवतो, म्हणजे पास्ता ओतायला गेलो की आठवतं.

दूध मात्र एकदा दाणेदार फुटलं की परत जुळत नाही. ते लपवता येतं. सॉस कोमट करून चमचाभर कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून घाला, मिक्सरमध्ये फिरवा, परत मंद आचेवर घट्ट करा. दाणे इतके बारीक होतात की जिभेला फक्त थोडा रवाळपणा जाणवतो. नाहीतर सरळ शरण जा: टोमॅटो आणि तिखट घालून लाल करा, वर चीझ पसरून ओव्हनमध्ये ठेवा आणि वाढताना काही बोलू नका.

सध्या मी करतो ते असं

दोन मोठे आणि एक मूल, एवढ्यांसाठी २०० ग्रॅम पेने. २ लिटर पाणी, त्यात २० ऐवजी १५ ग्रॅमच मीठ, कारण चिकन आणि चीझ दोन्ही खारट असतात. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर जास्त लागू शकतं. घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवा. किंचित कच्चा असतानाच काढायचा, तो पुढे सॉसमध्ये शिजतो. रव्याचा पास्ता घ्या. मैद्याचा स्वस्त पडतो, पण सॉसमध्ये ढवळताना मोडतो.

पास्ता शिजत असताना बाजूच्या शेगडीवर चमचाभर लोण्यात ठेचलेला लसूण, मग सिमला मिरची, मक्याचे दाणे, जे असेल ते. मशरूम असतील तर त्यांचं पाणी पुरतं आटू द्या, नाहीतर ते सॉसमध्ये सुटतं. त्यातच चिकनचे धागे, दोन चमचे पाणी, झाकण. दोन-तीन मिनिटांत चांगली वाफ यायला हवी. उरलेलं चिकन नुसतं कोमट करून भागत नाही, आतपर्यंत ७४ अंश गरम व्हायला हवं. मात्र शिजलेलं चिकन परत दहा मिनिटं उकळलं की चिवट होतं. म्हणूनच धागे, ते पटकन तापतात. झालं की ताटलीत काढून ठेवायचं.

त्याच कढईत २५ ग्रॅम लोणी, २ सपाट टेबलस्पून मैदा, दोन मिनिटं परतायचा. मग ४०० मिली फुल क्रीम दूध, आधी थोडं, मग बाकीचं. एक उकळी येऊ द्यायची, त्याशिवाय मैदा पुरता फुगत नाही, आणि मग आच मंद. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली आणि ती राहिली की झालं. आता गॅस बंद. मिरपूड, थोडं जायफळ. ताजी साय किंवा क्रीम अर्धी वाटी. किसलेले दोन क्यूब. मग पास्ता, भाज्या, चिकन आणि लागेल तसं पास्त्याचं पाणी. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.

क्रम लक्षात घ्या. आंबटाची शंका असलेली प्रत्येक गोष्ट मैदा फुगल्यानंतर आणि आच बंद झाल्यावर पडते. माझ्या चार मंगळवारी साहित्य जवळजवळ हेच होतं, मी फक्त सगळं एकदम उकळत होतो.

आणि तो घट्ट गोळा

सॉस कढईत हवा त्यापेक्षा थोडा पातळ वाटला पाहिजे. पिठलं गरम असताना ओघळतं आणि गार झालं की सुरीने कापता येतं, तसंच हे. वर पास्ता पाणी पीतच राहतो. आधी ताटं मांडा, माणसं बसवा, मग पास्ता सॉसमध्ये घाला. "पाच मिनिटांत आलेच" म्हणणाऱ्यांसाठी थांबलात तर खळ खावी लागेल.

फ्रिजमधून उकडलेला थंड पास्ता निघाला तर तो तसाच सॉसमध्ये टाकू नका. अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात बुडवून काढा, मोकळा होतो. अशा वेळी पास्त्याचं पाणी नसतं, म्हणून थोडं दूध जास्त ठेवा.

डब्यांच्या तारखांबद्दल एकच. रविवारी दुपारचं चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं असेल तर मंगळवारी रात्री बिनधास्त वापरा. तीन दिवस, फार तर चार. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा दोन तास विसरा, एका तासाच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. दुरुस्तीच्या कामासाठी दिवसभर वीज गेलेली असेल आणि डबा हाताला थंड लागत नसेल तर वास घेत बसू नका, टाकून द्या. वास चांगला येणं हा पुरावा नाही.

पास्ताच उरला तर? आमच्याकडे तो बुधवारी लेकीच्या डब्यात जातो. रात्रीच जेवणाआधी दोन मुठी शिजवलेला, सॉस न लावलेला पास्ता आणि वाटीभर सॉस वेगवेगळ्या डब्यांत काढून ठेवतो. सकाळी सॉसमध्ये तीन चमचे दूध घालून मंद आचेवर वाफ येईपर्यंत ढवळायचं, पास्ता गरम पाण्यातून काढायचा, एकत्र करायचं. मायक्रोवेव्हमध्ये घाई करून पाहिली होती एकदा, तूप सुटलं. ती डबा उघडून म्हणे मैत्रिणीला म्हणाली, "बाबांनी आज सूप दिलंय."